कर्नाटकी जोडगायनाला पहिल्यांदा जाताय? मग हे वाचून जा

षण्मुखानंदमध्ये दोन बहिणींचं गाणं ऐकून मी बाहेर पडत होते. शेजारच्या खुर्चीवरचे मामा जिन्यात भेटले आणि म्हणाले, "कसं वाटलं?" मी उत्साहानं सांगितलं, "धाकटीचा आवाज जास्त छान लागला." मामांनी मान हलवली आणि शांतपणे विचारलं, "कल्याणी रागाचा आलाप मोठीनं कुठे सोडला? धाकटीनं कुठून उचलला?"

मला काहीच सांगता येईना. अडीच तास मी मन लावून ऐकत होते, पण दोन गायिकांच्या मध्ये काय चाललंय हे ऐकायचं असतं हेच मला माहीत नव्हतं. जोडगायन म्हणजे दोन आवाजांची स्पर्धा नाही. एक राग दोघांनी मिळून कसा उभा केला, हे त्यात ऐकायचं असतं. मामांच्या त्या एका प्रश्नानंतर मी जे शिकत गेले ते पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी इथे क्रमानं लिहिते आहे.

जाण्याआधी: कुणाचं, कुठे, काय ऐकून

मुंबईकरांना लांब जायची गरज नाही. माटुंगा-सायन भागातली षण्मुखानंद सभा 1952 सालची. चेंबूरला फाइन आर्ट्स सोसायटी आहे, आणि माटुंग्यातल्या समाजांमध्ये, देवळांमध्ये वर्षभर काही ना काही चालू असतं. इथल्या दाक्षिणात्य वस्तीनं स्वतःच्या जोड्याही घडवल्या. सरोजा आणि ललिता या बहिणी मुंबईत वाढल्या म्हणून 'बॉम्बे सिस्टर्स' याच नावानं आयुष्यभर गायल्या, आणि 2020 साली त्यांना पद्मश्री मिळाली. रंजनी-गायत्री या आजच्या मोठ्या जोडीचं बालपणही मुंबईचंच. लहानपणी दोघी व्हायोलिन वाजवायच्या, गाण्याकडे नंतर वळल्या.

जमलं तर एकदा डिसेंबरात चेन्नईला जा. मार्गळी महिना म्हणजे तिथला संगीताचा हंगाम. म्युझिक अकादमी, नारद गान सभा, कृष्ण गान सभा, 1900 सालापासूनची पार्थसारथी स्वामी सभा, अशा किती तरी ठिकाणी सकाळपासून रात्रीपर्यंत गाणं चालू असतं. दुपारच्या बऱ्याच मैफलींना तिकीट नसतं आणि तिथे तरुण जोड्या ऐकायला मिळतात. नवख्या श्रोत्यानं दुपारीच सुरुवात करावी असं माझं मत आहे. गर्दी कमी, पुढची खुर्ची मिळते, आणि गायकांचे हात स्पष्ट दिसतात. हात दिसणं का महत्त्वाचं, ते पुढे येईलच.

तिथे मैफलीला कच्चेरी म्हणतात. आपल्या सरकारी कचेरीशी या शब्दाचं मूळ एकच.

जोडीतले दोघे सख्खी भावंडंच असतात असं समजू नका. लयीवरच्या हुकुमतीसाठी गाजलेले आलत्तूर ब्रदर्स, म्हणजे श्रीनिवास अय्यर आणि शिवसुब्रमण्य अय्यर, भाऊ नव्हते. राधा-जयलक्ष्मी या चुलत-मावस नात्यातल्या. एका गुरूकडची तालीम आणि वर्षानुवर्षांचा एकत्र रियाज, हे जोडीचं खरं नातं.

हिंदुस्थानी ऐकणाऱ्यांनी घरून थोडी तयारी करून जावी. मोहनम म्हणजे आपला भूप, हिंदोळम म्हणजे मालकंस, कल्याणीचे स्वर यमनचे, मायामाळवगौळचे भैरवचे, आभेरी भीमपलासच्या जवळची. हंसध्वनी तर मूळचा तिकडचाच, भेंडीबाजार घराण्याच्या अमान अली खाँसाहेबांनी तो आपल्याकडे रुळवला. पण नावांवर विसंबू नका. तिकडच्या तोडीचे स्वर आपल्या भैरवीचे आहेत, आणि आपल्या तोडीचे स्वर तिकडे शुभपंतुवराळीत सापडतात. तिकडची भैरवी हा वेगळाच राग आहे, त्यात दोन्ही धैवत येतात. हिंदोळम आणि आपला हिंडोल यांचाही संबंध नाही.

बसल्यावर: आधी मंच बघा

दोघे गायक मधोमध, आपण बघतो तेव्हा उजव्या हाताला व्हायोलिन, डाव्या हाताला मृदंगम, जोडीला घटम (मातीचा घडा) किंवा कंजिरा (छोटा डफ), मागे तंबोरा. जोडीमध्ये कुणाची गादी कुठली हे सहसा ठरलेलं असतं. त्यामुळे सुरुवातीलाच वहीत 'डावी' आणि 'उजवी' असं लिहून ठेवा. नावं आठवली नाहीत तरी चालतं, पण रात्री "डावीनं सुरू केला, उजवीनं घेतला" असं वहीत लिहिलेलं असलं की बोलायला आधार मिळतो.

पहिल्या दहा मिनिटांत ऐकायची गोष्ट म्हणजे श्रुती. दोघांना एकाच पट्टीत गायचं असतं, आणि दोन गळ्यांना एकच पट्टी सारखी सोयीची क्वचितच असते. एकाला खर्जात आराम, दुसऱ्याला तार सप्तकात. चांगली जोडी हा फरक लपवत नाही, त्याचा उपयोग करून घेते. मैफलीची सुरुवात बहुधा वर्णम नावाच्या रचनेनं होते, तिथेच कान लावून ठरवा, खाली कोणाचा आवाज भरतो आणि वर कोणाचा खुलतो. पुढच्या सगळ्या वाटणीची किल्ली तिथे आहे.

माइकवर मात्र लगेच मत बनवू नका. एकाचा आवाज दबलेला वाटतो तो कित्येकदा ध्वनिव्यवस्थेमुळे. तिसऱ्या-चौथ्या गाण्यापर्यंत तोल बहुधा सुधारतो.

ताल हातावर घ्या

याच एका गोष्टीनं माझं ऐकणं बदललं. आपल्याकडे श्रोता तबल्याच्या ठेक्यावर विसंबतो. तिकडे ठेका असा नसतोच, मृदंगम गाण्याच्या अंगानं वाजत राहतो, आणि ताल सांभाळतात ते गायकांचे हात. म्हणून श्रोतेही मांडीवर ताल धरतात.

आदिताल आठ मात्रांचा. एक टाळी, मग करंगळी, अनामिका, मधलं बोट. पुढे टाळी आणि हात उलटा, पुन्हा टाळी आणि हात उलटा. झाली आठ. मी पहिल्यांदा धरायला गेले तेव्हा शेजारच्या मामींनी माझा तळवा आपल्या हातात घेतला आणि अंगठ्यानं एकेक बोट दाबून दाखवलं. "अगं, घाई करू नकोस. त्यांच्या हाताकडे बघ, गाण्याकडे नको." संथ गाण्यात प्रत्येक मात्रा दोनदा मोजतात, करंगळी दोनदा, अनामिका दोनदा. हे कळलं नाही तर नवखा माणूस हमखास चुकतो. याशिवाय रूपक, सात मात्रांचा मिश्र चापू आणि पाच मात्रांचा खंड चापू वारंवार येतात. चापूत बोटं मोजायची नसतात, नुसत्या टाळ्या असतात.

जोडीत दोघेही ताल धरतात, म्हणून ही गोष्ट जोडगायनात सगळ्यात सहज शिकता येते. एक हात झाकला गेला तर दुसरा बघा. आवाज मात्र करू नका, टाळी मांडीवर हलकी पडली पाहिजे.

आता एक गफलत टाळा. आपला कान समेची, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेची, वाट बघत असतो. तिकडे गाण्याची ओळ कितीदा समेवर सुरू होतच नाही. समेनंतर अर्ध्या मात्रेनं, दीड मात्रेनं उचलते. त्या जागेला एडुप्पु म्हणतात. सगळी स्वरांची कसरत त्या जागेवर येऊन मिळते. तुम्ही समेवर "वाहवा" म्हणाल आणि शेजारी अर्ध्या मात्रेनंतर मान डोलावतील. गाणं सुरू होताच पहिला शब्द कोणत्या बोटावर पडला ते टिपून ठेवा, म्हणजे पुढचा अर्धा तास चुकणार नाही.

आलाप: वाटणी ऐका

आता मामांच्या प्रश्नाकडे येते.

मोठ्या गाण्याआधी रागाचा आलाप होतो. काही जोड्या राग वाटून घेतात, एका रागाचा आलाप एकानं, पुढच्या रागाचा दुसऱ्यानं. काही जोड्या एकच राग दोघांत वाटतात. दुसरा प्रकार माझ्या जास्त आवडीचा, कारण त्यात जोडीचा कस लागतो.

समजा कल्याणी आहे. पहिली गायिका मंद्र निषादापासून षड्ज, ऋषभ, गंधार या भागात हिंडते. यमन ऐकणाऱ्या कानाला आधी चुकल्यासारखं वाटेल, कारण यमनात गंधार-निषाद दिव्यासारखे स्थिर उभे राहतात, आणि कल्याणीत तेच स्वर जागेवर डोलतात. हे डोलणं म्हणजेच गमक, तो तिकडच्या स्वराचा स्वभावच आहे. हळूहळू ती पंचमाकडे येते, पंचमावर थांबते, आणि आवाज बारीक करते. त्याच पंचमावर दुसरी येते. इथे कान टवकारा. दुसरीचा पंचम पहिलीच्या पंचमात मिसळला का? की सुरात किंचित फट पडली? आणि पुढे ती धैवत-निषादाच्या प्रदेशात निघाली, की पुन्हा खालूनच सुरुवात केली?

दुसऱ्या गायकानं पहिल्यानं रंगवलेली भिंत पुन्हा रंगवायला घेतली की आलाप लांबतो पण वाढत नाही. उलट पहिल्याचा एखादा छोटासा वाक्प्रयोग उचलून तो वरच्या सप्तकात नेला, तर ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. एक गात असताना दुसरा काय करतो तेही बघा. डोळे मिटून आत ऐकतोय, हलका षड्ज धरून आधार देतोय, की पाण्याची बाटली शोधतोय? चांगल्या जोडीत न गाणाऱ्याच्या चेहऱ्यावरही राग चाललेला दिसतो.

व्हायोलिन गायकाच्या मागोमाग सावलीसारखं जातं, मग त्याला स्वतःची पाळी मिळते. दोघांनी काय मांडलं त्याचा सारांश बहुतेक वेळा व्हायोलिनमधून ऐकू येतो. त्या वेळी बोलू नका.

कृती, निरवल आणि स्वर

कृती म्हणजे रागातालात बांधलेली रचना. बहुतेक कृती तमिळनाडूतल्या तिरुवारूरला जन्मलेल्या तिघांच्या असतात: श्यामा शास्त्री (1762–1827), त्यागराज (1767–1847) आणि मुत्तुस्वामी दीक्षितर. त्यागराजांची भाषा तेलुगू, दीक्षितरांची मुख्यतः संस्कृत, म्हणून मराठी माणसाला दीक्षितरांचे शब्द लवकर पकडता येतात. पुरंदरदासांची पदं कन्नडमध्ये असतात, आणि तमिळ रचनाही भरपूर असतात. पल्लवी, अनुपल्लवी, चरणम एवढे तीन भाग लक्षात ठेवले तरी पहिल्या दिवशी पुरे.

पल्लवीची ओळ पुन्हा पुन्हा येते, दर वेळी थोडी अधिक नटून. या बदलांना संगती म्हणतात आणि त्या आधीपासून बांधलेल्या असतात. जोडगायनात दोघे संगती एकत्र गातात. गमकाचं प्रत्येक आंदोलन दोन गळ्यांतून एकाच वेळी निघालं की दोन आवाज आहेत हे विसरायला होतं. त्याचं श्रेय पाठांतराला देतात. तिकडे पाठांतरम म्हणजे गुरूकडून आलेला रचनेचा विशिष्ट पाठ, आपल्यासारखी नुसती घोकंपट्टी नाही. "त्यांचं पाठांतर शुद्ध आहे" ही मोठी दाद आहे.

मग एखादी ओळ निवडून निरवल होतं. शब्द तेच, तालातल्या त्यांच्या जागाही साधारण त्याच, चाल मात्र दर आवर्तनाला, म्हणजे तालाच्या दर फेरीला, नवी. दोघे आळीपाळीनं गातात. इथेही तीच कसोटी: दुसऱ्यानं आधीच्या विचाराला उत्तर दिलं, की आपलंच वेगळं काही काढलं?

त्यानंतर कल्पनास्वर, म्हणजे सरगम. आधी एकेक आवर्तन, मग लांब लांब. मोठ्या गाण्यात शेवटी कुरैप्पु येतो, तमिळमध्ये त्याचा अर्थच कमी करत जाणं. आठ मात्रा, मग चार, दोन, एक. जोडीत हा चेंडू तिघांत फिरतो: डावी, उजवी, व्हायोलिन. शेवटी सगळे मिळून कोर्वै गातात, म्हणजे मोजून बांधलेली रचना, जी बहुधा तीनदा येते आणि बरोबर एडुप्पुवर उतरते. तो क्षण आला की सभागृह एका श्वासात "आहा" म्हणतं. तुमचा हात ताल धरून तिथपर्यंत पोचला असेल, तर तो आनंद नुसत्या ऐकणाऱ्याला मिळत नाही.

मुख्य गाण्यानंतर तनि आवर्तनम, म्हणजे तालवाद्यांची स्वतंत्र पाळी. याच वेळी कितीतरी लोक उठून कॅन्टीनकडे चालू लागतात, आणि ते बघून मला दर वेळी वाईट वाटतं. दोन तास ज्यांनी गाणं उचलून धरलं त्यांच्या पंधरा मिनिटांना आपण पाठ दाखवायची? दोन्ही गायक तेव्हा गात नाहीत, पण त्यांचे हात एका मात्रेचीही चूक न करता ताल देत राहतात. नवख्यानं ताल पक्का करायचा तो इथेच. कॉफी नंतरही मिळते.

काही मैफलींत रागम-तानम-पल्लवी असतं. तानम ऐकताना धृपदातल्या नोमतोमची आठवण येईल. इथली पल्लवी एकाच ओळीची असते, आणि तिच्या शेवटी रागमालिकेत, म्हणजे एकामागून एक वेगवेगळ्या रागांत, स्वर घेतले तर दोघे एकेक राग वाटून घेतात. कोणता राग कोणी घेतला ते लिहून ठेवा, चर्चेत फार उपयोगी पडतं.

शेवटचा अर्धा तास आणि आपला अभंग

उत्तरार्धात छोट्या रचना येतात: पदम, जावळी, भजन, तराण्याची बहीण शोभेल अशी तिल्लाना, आणि बऱ्याचदा अभंग. तमिळ मंचावर विठ्ठल येतो याचं नवल वाटायला नको. तंजावरला 1676 ते 1855 मराठ्यांचं राज्य होतं. तिथले राजे स्वतः रचना करत, आणि मराठी कीर्तनाची परंपरा तिथे रुजली. तंजावर कृष्ण भागवतरांनी हरिकथेला जे रूप दिलं त्यात साकी, दिंडी, ओवी आपल्याकडूनच गेल्या. रंजनी-गायत्रींच्या गाण्यात अभंग आला की सगळं सभागृह टाळ्यांनी ताल धरतं, आणि मराठी श्रोत्याचे डोळे भरून येतात.

माझेही येतात. पण बाहेर आल्यावर फक्त अभंगावर बोलणाऱ्या आपल्या माणसांना मला मनापासून सांगावंसं वाटतं, त्याआधीच्या दोन तासांत कल्याणी होती, निरवल होतं. ते आपलं नाही म्हणून सोडून देऊ नका.

मंगलम, म्हणजे मैफलीची सांगता करणारी रचना, होईपर्यंत बसून राहा.

मैफलीनंतर: बोलायचं कसं

आधी यादी करा, त्याच रात्री. गाणं, राग, ताल, रचनाकार, आणि आलाप-निरवल-स्वर कुठे झाले. तिकडचे रसिक असंच करतात, अनेकांजवळ छोटी वही असते. गायक राग सांगतीलच असं नाही, म्हणून कळला नाही तर "? यमनसारखा, पण मध्यम शुद्ध" असं जे ऐकू आलं ते लिहा. असं लिहिलेलं असलं की जाणकार माणूस नाव सांगू शकतो. "छान राग होता" यावरून काहीच सांगता येत नाही.

मग तीन जागा निवडा. नुसत्या जागा, निष्कर्ष नको. "दुसऱ्या गाण्यात उजवीनं निषादावर थांबून डावीकडे पाहिलं आणि डावीनं तिथूनच उचललं." असं एक वाक्य पुढे ठेवलं की शेजारचा माणूस आपली जागा सांगतो, आणि गप्पा रंगतात.

"दोघींत चांगली कोण" हा प्रश्न शक्यतो काढूच नका. दुसऱ्या कुणी काढला तर त्याला वाटणीकडे वळवा: वरचं काम कोण करत होतं, लय कोण सांभाळत होतं, सावरून कोणी घेतलं. जोडीत एक जण मुद्दाम मागे राहून दुसऱ्याला जागा करून देतो, आणि वरवर ऐकणाऱ्याला तोच फिका वाटतो. माझी चूक नेमकी तीच झाली होती.

उणं दिसलं तर जरूर बोला, पण जागेसकट बोला. "आज रंगलं नाही" याला उत्तर नाही. "तार षड्जावर दोघे एकत्र आले तेव्हा सूर जुळायला क्षण लागला" यावर बोलता येतं, कदाचित समोरचा म्हणेल की तिथे मॉनिटरचा घोळ होता. तुम्ही कुठे बसला होतात तेही सांगा, बाल्कनीतलं गाणं आणि तिसऱ्या रांगेतलं गाणं वेगळं ऐकू येतं. साड्या, दागिने, कोणाचं वय किती दिसतं, हे विषय बाजूला ठेवा.

हिंदुस्थानीशी तुलना सुरुवातीला समजून घेण्यापुरती ठीक. "आपल्याकडे कसं स्वर लावून ठेवतात, हे सारखं हलवतात" असं एखाद्या मामांसमोर म्हणून बघू नका. किराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब त्यागराजांची कृती शिकले आणि त्यांनी ती ध्वनिमुद्रित केली. एवढ्या मोठ्या गवयाला तिकडे शिकण्यासारखं दिसलं, हे ध्यानात ठेवून बोला.

कलाकारांना भेटायला आत गेलात तर थोडक्यात आटपा. "रोंब नन्ना इरुंददु" म्हणजे फार छान झालं, एवढं तमिळ पुरतं. त्यापुढे तुमच्या तीनपैकी एक जागा सांगा. थकलेला गायक लांबलचक स्तुतीनं नुसता हसतो, पण नेमकी जागा सांगितली की थांबून बोलतो.

पुढच्या आठवड्यात यादीतली एकच कृती घ्या आणि ती एकट्या गायकाकडून ऐका. आलापात पंचम आला की थांबवा. इथे दुसरा आवाज आला असता तर? असं दोन-तीनदा केलं की पुढच्या मैफलीत आलाप एकाकडून दुसऱ्याकडे जाण्याची चाहूल आधीच लागते.

माझ्या वहीच्या पहिल्या पानावर एक नोंद होती: "? आपल्या तोडीसारखा, मामी म्हणतात तोडी नाही." दोन महिने तशीच राहिली. मग चेंबूरला मध्यंतरात त्याच मामी भेटल्या, मी पान उघडून दाखवलं आणि आठवेल तेवढी ओळ गुणगुणले. त्यांनी माझ्या हातातलं पेन घेऊन प्रश्नचिन्हाच्या पुढे लिहिलं, शुभपंतुवराळी.